पाच मिनिटांचा पहारा

आक्काचा फोन आला की मी आधी तो कानापासून जरा लांब धरते. माझी ही थोरली बहीण निपाणीच्या पुढं, कोगनोळीच्या अलीकडच्या एका खेड्यात मराठी शाळेत शिकवते आणि वर्गातल्याच आवाजात फोनवर बोलते. त्या दिवशी मात्र तिचा आवाज बारीक होता. मी बेळगावात, खासबागेतल्या माझ्या भाड्याच्या घरी, ऑफिसची मीटिंग म्यूट करून बसले होते.

"तुझं ते कॉलेजातलं खेळणं अजून चालतंय काय गं?" तिनं विचारलं.

खेळणं म्हणजे माझा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. फोर्थ नावाची एक जुनी, चिमुकली प्रोग्रॅमिंगची भाषा आहे. तिचा दुभाषी, इंटरप्रिटर, मी असेंब्लीत लिहिला होता, म्हणजे प्रोसेसरला जे कळतं त्याच्या अगदी शेजारी बसून. परीक्षक मास्तरांनी तो बघितला, चष्मा काढला आणि विचारलं, "यात ॲप कुठाय?" तेव्हापासून त्या प्रोजेक्टचं नाव कुणी काढलं की मला जरा चिडल्यासारखं होतं. आक्काला हे चांगलं ठाऊक आहे.

भानगड अशी होती. कुठल्याशा कंपनीनं आक्काच्या शाळेला आपले नऊ जुने कॉम्प्युटर दान दिले होते. पण कंपनीची गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून सगळ्यांच्या हार्ड डिस्क काढून घेतल्या होत्या. बटण दाबलं की ते कॉम्प्युटर उजळायचे, आपल्यात काहीच नाही अशी इंग्रजीत एक ओळ लिहायचे आणि तसेच बघत बसायचे. डिस्क मिळाव्यात म्हणून आक्कानं अर्जावर अर्ज केले होते. त्यांचं काय झालं ते अर्जांनाच ठाऊक. या कॉम्प्युटरसाठी तिनं एक पडीक खोली मागून घेतली होती, स्वतः रंगवली होती, खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या होत्या. आता शाळेच्या बिसिऊटाचा, म्हणजे दुपारच्या जेवणाचा, तांदूळ ठेवायची खोली गळायला लागली होती, आणि हेडमास्तरांची नजर आक्काच्या खोलीवर गेली होती. पुढच्या महिन्यात तालुक्याचे शिक्षणाधिकारी बघायला येणार होते. कॉम्प्युटर चालू दिसले तर खोली राहणार, नाही तर पोती आत आणि कॉम्प्युटर भंगारात.

"एकदा तांदूळ आत गेला की परत खोली मिळायची न्हाय," आक्का म्हणाली. "पोरांनी त्या बंद कॉम्प्युटरच्या पुढं बसून नुसतं टाइप करायची प्रॅक्टिस केल्या गं. काळ्या पडद्यावर."

हे ऐकून मला भरून यायला हवं होतं. मला आधी फुशारकी सुचली. म्हटलं, "डिस्क कशाला लागती? माझा फोर्थ पेन ड्राइव्हवरनं सरळ फर्मवेअरवर चालवून दावते की."

"किती दिवस लागतील?"

"पाच मिनिटांचं काम हाय."

आक्का फोनवर हसली. माझी पाच मिनिटं आमच्या घरात प्रसिद्ध आहेत. मी कुणाकडंही गेले की दारातच सांगते, पाच मिनिटं बसते आणि जाते. आक्काच्या निपाणीच्या घरी तर चहा गाळायच्या आत माझी चप्पल पायात असते. ती म्हणते, तुझ्यासाठी चहा टाकणं म्हणजे दूध वाया घालवणं.

पाच मिनिटांच्या कामाला तीन आठवडे लागले. रोज सकाळी ऑफिसच्या आधी बसायचे. त्याआधी एक कॉम्प्युटर मी तांदळाच्याच रिकाम्या पोत्यात घालून बसनं बेळगावला आणला होता. कंडक्टरनं विचारलं, पोत्यात काय? म्हटलं, डिस्क नसलेला कॉम्प्युटर. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

फर्मवेअर म्हणजे काय ते सांगते. कॉम्प्युटर सुरू केला की कंपनीचं चिन्ह दिसतं ना, त्या चार क्षणांत जे जागं असतं ते फर्मवेअर. अपार्टमेंटच्या वॉचमनसारखं ते सगळ्यांच्या आधी उठतं, दिवे लावतं, गेट उघडतं आणि मालक आले की किल्ली देऊन बाजूला होतं. मालक म्हणजे विंडोज किंवा लिनक्स. आमच्याकडं मालक येणारच नव्हते. वॉचमनच्याच भरवशावर संसार करायचा होता. कळ दाबली गेली का हे त्यालाच विचारायचं, पडद्यावर अक्षर काढायचं तरी त्यालाच सांगायचं.

आणि त्याच्याशी बोलायची रीत वेगळी. माझा फोर्थ लिनक्सवर वाढलेला. कोगनोळीचा राज्याच्या सीमेवरचा नाका ओलांडला की रस्ता तोच, ऊसही तोच, पण पाटी बदलते आणि कागद दुसऱ्या पद्धतीनं दाखवावे लागतात, तसंच इथं झालं. लिनक्सकडं काही सोपवायचं तर पहिली वस्तू एका खिशात ठेवायची, फर्मवेअरकडं सोपवायची तर दुसऱ्याच खिशात. मी सगळं जुन्या खिशात ठेवत होते आणि फर्मवेअर रिकामा खिसा चाचपून गप्प बसत होतं. चिडून मी एक सकाळ त्याला शिव्या घातल्या. मग खिसे बदलले.

खिसे बदलल्यावर अक्षरं आली, पण आकडे बिघडले. फोर्थमध्ये सगळे आकडे भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक रचलेले असतात, शेवटी ठेवलेला आधी उचलायचा. मी दोन ठेवायचे, तीन ठेवायचे, मध्ये पडद्यावर एखादं अक्षर काढायचे आणि बेरीज मागायचे. उत्तर यायचं बारा आकडी. चार दिवस मी माझी बेरीज तपासत होते. शेवटी फर्मवेअरच्या जाडजूड नियमावलीत सापडलं: याला हाक मारायच्या आधी चवडीवर चार जागा रिकाम्या सोडायच्या. ते त्या वापरेल, नाहीतर वापरणार नाही, पण सोडायच्याच. हे वाचून मला निपाणीचा स्टँड आठवला. बस लागायच्या आधीच लोक खिडकीतनं रुमाल टाकून मागून येणाऱ्यांसाठी जागा धरतात. मी रुमाल टाकले नव्हते, म्हणून फर्मवेअर माझ्या वरच्या चार आकड्यांच्या मांडीवर येऊन बसत होतं. प्रत्येक हाकेआधी चार रुमाल टाकले आणि दोन अधिक तीन पाच झाले. मी उठून खोलीत एक चक्कर मारली.

पुढं एंटर दाबलं की काहीच होईना, मग झालं तर ओळी जिन्यासारख्या उजवीकडं उतरत जायला लागल्या. हे सगळं सांगत बसले तर तुम्हीही पाच मिनिटांत उठाल. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण तिथंच मी माती खाल्ली. त्या तीन आठवड्यांत दोनदा असं झालं की मी चहा करायला आत गेले आणि परत येऊन बघते तर कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन नव्यानं सुरू झालेला. दोन्ही वेळा मी म्हटलं, करंट गेला असणार. आमच्याकडं कशाचंही काही बिघडलं की आधी करंटवर जातं. शेजारच्या घरात विजेवरचा माग आहे. तो त्या दोन्ही वेळा खटाखटा चालू होता. मला तो ऐकूही येत होता. करंट गेला असता तर माग कसा चालला असता, हा प्रश्न मला इंजिनिअर असूनही पडला नाही.

एका शनिवारी सकाळच्या शाळेला मी पेन ड्राइव्ह आणि पोत्यातला कॉम्प्युटर घेऊन गेले. अधिकारी मंगळवारी येणार होते. पोरं-पोरी भिंतीला ओळीनं उभी होती, आक्का दारात. पेन ड्राइव्ह एकच होता, पण त्यानं अडत नव्हतं. फोर्थ एकदा कॉम्प्युटरच्या आठवणीत, म्हणजे मेमरीत, उतरला की पेन ड्राइव्ह काढून पुढच्याला लावता येत होता. पहिल्याला लावला, सुरू केला, काढला. दुसऱ्याला लावला. प्रत्येकाला अर्धं मिनिट, कधी थोडं जास्त. सुरू झालेल्या प्रत्येकापुढं दोन-तीन पोरं बसत होती.

तोवर आक्का त्यांना सांगत होती की या कॉम्प्युटरला फार थोडे शब्द येतात, बाकीचे आपण शिकवायचे. आधी दोन टिंबं, मग नव्या शब्दाचं नाव, मग त्याचा अर्थ, शेवटी अर्धविराम. पहिल्या कॉम्प्युटरवरच्या मुलींनी इंग्रजी अक्षरांत दुप्पट शिकवलं. मग दुप्पट दोनदा करून चौपट. मग चौपट वापरून आणखी काहीतरी, त्याला नाव दिलं हत्ती. शब्दातनं शब्द, त्यातनं अजून शब्द. माझ्या परीक्षकांना जे दिसलं नव्हतं ते या पोरींना दहा वाक्यांत कळलं, आणि मी मनातल्या मनात त्या मास्तरांना इथं आणून उभं केलं.

नववा सुरू करून मी कमरेवर हात ठेवून सरळ झाले. तेवढ्यात पहिला पटकन काळा झाला.

मुली म्हणाल्या, "बाई, हत्ती गेला."

पेन ड्राइव्ह तर नवव्याला. पहिला पुन्हा उजळला आणि आपल्यात काहीच नाही अशी जुनी ओळ लिहून बघत बसला. मी म्हटलं, "करंट." आणि त्याच्याकडं धावले. तेवढ्यात दुसरा गेला. मग तिसरा. मी पेन ड्राइव्ह घेऊन खोलीभर पळत होते आणि माझ्या पुढं एकेक पडदा विझत होता. पोरांना गंमत वाटली, ती पुढचा कुठला जाणार ते ओरडून सांगायला लागली आणि दर वेळी बरोबर सांगत होती. हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा खोलीच्या लांबी-रुंदीकडं. पोती किती मावतील याचा अंदाज घेत असावेत.

शाळा सुटल्यावर मी रिकाम्या खोलीत बाकावर बसले. रडू येत होतं आणि राग वायरिंगवर काढत होते. आक्का झाडूनं खोली झाडत होती. झाडता झाडताच म्हणाली, "करंट गेलेला न्हाय."

"मग काय गेलंय?"

"करंट जातोय तवा सगळ्यांचा एकदम जातोय. हे रांगेनं गेले. तू ज्या रांगेत चालू केलंतंस, त्याच रांगेत." झाडू टेकवून ती खाली बसली. "इतकी वर्सं पोरांच्या रांगा लावतोय आम्ही. पहिला नऊ तेहतीसला चालू झालता, नऊ अडतीसला गेला. दुसऱ्याचंबी तसंच. पाच मिनिटं. सगळ्यांना पाचच मिनिटं दिल्यात कुणीतरी."

पाच मिनिटं ऐकताच मी नियमावली उघडली आणि पहाऱ्याचं घड्याळ, इंग्रजीत वॉचडॉग टायमर, शोधलं. होतं. फर्मवेअर कुठलाही प्रोग्रॅम सुरू करताना एक घड्याळ लावतं. पाच मिनिटांत त्यानं सूत्रं हातात घेतली नाहीत तर तो कुठंतरी अडकून पडला असं समजून सगळं पुन्हा सुरू करतं. हे नको असेल तर पहिल्याच ओळीत तसं सांगायचं. मी नियमावलीचं हे पान तीन आठवडे उलटून पुढं जात होते.

"तुला कसं दिसलं न्हाय गं हे?" आक्कानं विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच नवल वाटलं होतं.

मी सांगितलं की मी एक गोष्ट करून बघायचे, जमली की लगेच बंद करून पुढची. कुठलीच चाचणी मिनिटभरापेक्षा जास्त चालवली नव्हती.

"म्हंजे तू त्याच्यापुढं सलग पाच मिनिटं कधी बसलीच न्हाईस."

"न्हाय."

मीच हसले, मग तीही हसायला लागली, आणि आम्ही दोघी त्या खोलीत बराच वेळ हसत होतो. बाहेर हेडमास्तर कुलूप घेऊन थांबले होते.

ओळ तिथंच माझ्या लॅपटॉपवर लिहिली आणि पेन ड्राइव्हवर टाकली. लिहायला मिनिट लागलं नाही. पण खरी ठरली की नाही हे बघायला बसणं भाग होतं. मी पहिला कॉम्प्युटर सुरू केला आणि उठायला लागले. आक्कानं माझा हात धरून खाली बसवलं. म्हणाली, हात लावायचा न्हाय, फोन बघायचा न्हाय, नुसतं बस. दोन मिनिटांत माझा पाय हलायला लागला. तिसऱ्या मिनिटाला मला भिंतीचा रंग दिसला, फिकट हिरवा, खाली ब्रशचे फराटे. एकटीनं रंगवताना तिला वाकून किती त्रास झाला असेल असं वाटलं. चौथ्या मिनिटाला मला निपाणीचा कॉम्प्युटर क्लास आठवला. मी सातवीत होते. आमच्या गावाहून आक्का मला सायकलवर डबलसीट घेऊन यायची, मी आत बसायचे आणि ती तासभर बाहेर पायरीवर. तिचं नाव क्लासात नव्हतं. ती तासभर काय करायची हे मी तिला कधीच विचारलं नव्हतं. आता विचारावं म्हणून तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "सहा मिनिटं झाली बघ." पडदा जागाच होता. विचारायचं राहिलं.

मंगळवारी मी रजा टाकून गेले. या वेळी पेन ड्राइव्हही नऊ होते; अधिकाऱ्यांची गाडी फाटकात दिसली तशी नऊच्या नऊ कॉम्प्युटर एकदम सुरू केले. अधिकारी आले, उंच, शांत, कन्नड बोलणारे. हेडमास्तर त्यांना तांदळाबद्दल सांगत सांगतच आत घेऊन आले. साहेबांनी इकडंतिकडं बघितलं आणि मुलींच्या कॉम्प्युटरपुढं खुर्ची ओढून बसले.

"इदक्क कन्नड बरतैतेन?" त्यांनी विचारलं. याला कन्नड येतं का?

मराठी शाळेत सरकारी साहेबानं हा प्रश्न विचारला की आमच्या भागात खोलीतली हवा जरा घट्ट होते. हेडमास्तरांनी घसा साफ केला. आक्का कन्नडमध्येच म्हणाली, "याला कुठलीच भाषा येत नाही, साहेब. जी शिकवाल ती शिकतं."

साहेबांनी तिच्याकडं एकदा नीट बघितलं. मग हत्तीवाल्या मुलीला विचारलं, कसं शिकवायचं? तिनं सांगितलं, दोन टिंबं, नाव, अर्थ, अर्धविराम. त्यांनी एका बोटानं, कळा शोधत शोधत, eradu लिहिलं आणि त्याचा अर्थ दिला दोन. एरडू, कन्नडमधले दोन. एंटर दाबलं. मुलीनं हात मध्ये घालून त्याच्यापुढं आपला, मघाशीच परत शिकवलेला, मराठी दुप्पट लिहिला. पडद्यावर चार आले.

साहेब खुर्चीत पुढं सरकले. त्यांनी तीनसाठी मूरू शिकवलं, चारसाठी नाल्कू शिकवलं. मुलीनं त्यांना तिप्पट दाखवलं. मला ते पुढचं काही दिसेना, मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. घरून येताना मीच परत एकदा प्रोग्रॅम नव्यानं तयार करून सगळ्या पेन ड्राइव्हवर टाकला होता आणि ती ओळ त्यात आहे याची मला पक्की खात्री असूनही अजिबात खात्री नव्हती. कॉम्प्युटर सुरू करून चार मिनिटं झाली होती. साहेबांचे सगळे कन्नड शब्द त्या आठवणीत होते, आणि ते त्यांच्या डोळ्यांदेखत पुसले गेले असते तर मी सरळ खिडकीतनं उडी मारली असती, जाळी नसती तर. साडेचार. साहेबांनी आक्काला काही विचारलं, ती वाकून सांगत होती, घड्याळाकडं एकदाही न बघता. पाच. साहेबांनी एंटर दाबलं. काहीतरी उत्तर आलं आणि मुली हसल्या. सहा झाली, सात झाली.

साहेब अकरा मिनिटं बसले. उठून खुर्ची जागेवर लावली. हेडमास्तरांनी तांदळाचं पुन्हा काढलं, तेव्हा दारातनं मागं वळून त्यांनी खोलीकडं बघितलं आणि म्हणाले, "इरली."

इरली म्हणजे राहू दे. एवढंच. गळक्या खोलीवर पत्रे घालायचं दोघं पुढं व्हरांड्यात बोलत गेले.

आक्का लगेच पुढच्या वर्गाची पोरं आत घ्यायला लागली. डोळे पुसले असतील तर मला दिसू दिले नाहीत. पोरांची रांग लावता लावता मला म्हणाली, "तुझी बस हाय न्हवं आता? जा तू."

"बसते की पाच मिनिटं," मी सवयीनं म्हटलं.

आत जागा नव्हती, म्हणून मी बाहेर खोलीच्या पायरीवर बसले. आतून तिचा वर्गातला आवाज येत होता, दोन टिंबं, नाव, अर्थ, अर्धविराम. बसही गेली. पायरी गार होती, मग ऊन आलं आणि ती तापली. फोन पर्समध्येच ठेवला होता. तासाची घंटा होईपर्यंत तिथंच बसले, आणि नुसतं पायरीवर बसून काढलेला एक तास केवढा लांब असतो ते मला तेव्हा कळलं. मला लाज वाटली. घंटा झाल्यावर आक्का दारात आली आणि मला बघून थबकली.

"अजून हाईस?"

"आक्का," मी विचारलं, "त्या क्लासच्या पायरीवर बसून तू तासभर काय करत होतीस गं?"

ती माझ्या शेजारी पायरीवर बसली.

"आत काय सांगतात ते ऐकत होते," ती म्हणाली.